साडेसातचे चेअरमन

रंगनाथ आबा मला पहिल्यांदा दिसले ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना. मी नव्यानं बदली होऊन गावात आलो होतो. शाळेजवळ खोली कुठं मिळेल असं ज्याला विचारावं तो म्हणायचा, "चेअरमनला इचारा." म्हणून संध्याकाळी दूध सोसायटीत गेलो, तर चेअरमन खुर्चीत बसून रडत होते आणि भोवती जमिनीवर बसलेली वीसेक माणसं माना कलती करून गप्प होती. घरात काहीतरी वाईट घडलेलं दिसत होतं. अशा वेळी खोलीचं कसं काढायचं, म्हणून मी दारातच थांबलो.

"या गुरुजी, बसा," आबा म्हणाले. "आत्ता काय बोलू नका. सुनंला घराबाहेर काढलंय."

"अरेरे! पण तुम्ही एवढे मोठे. चार शब्द सांगून समजूत घालायची ना."

"मी कुठून घालू? तिची सासू माजं ऐकती का?"

मग माझ्या लक्षात आलं की कलत्या माना एकाच दिशेला कलत्या होत्या. भिंतीवरच्या फळीवर टीव्ही चालू होता आणि त्यात एक नटलेली बाई पावसात बॅग घेऊन उभी होती. जाहिरात लागल्याबरोबर आबांनी डोळे कोरडे केले, माझं नाव-गाव विचारलं, सोसायटीमागची स्वतःची खोली देऊ केली, चहा मागवला, आणि जाहिरात संपायच्या आत म्हणाले, "झालं तुमचं काम. आता गप बसा."

आमचं गाव पालीच्या पुढं, बिंदुसरा धरणाच्या वरच्या अंगाला. मी गेलो तो दुष्काळाचा काळ होता. धरणाच्या तळात पोरं क्रिकेट खेळायची आणि गावात टँकर आला की शाळेतली निम्मी मुलं हंडे धरायला पळायची. चारा नाही म्हणून जनावरं छावणीत गेली होती आणि दूध डेअरीच्या नावापुरतं उरलं होतं. वीज तर संध्याकाळी हमखास जायची. पण सोसायटीत दुधाचं फॅट मोजायचं मशीन होतं आणि त्याच्यासाठी मोठी बॅटरी घेतलेली होती. मोजायला दूध नव्हतं, बॅटरी मात्र रोज भरत होती. भरलेली बॅटरी वाया घालवणं हे आबांच्या सहकाराच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी तिच्यावर टीव्ही लावला आणि अंधारातल्या गावात तेवढी एक खोली उजळली.

साडेसातला जी मालिका लागायची तिचं नाव गावात कुणी घेत नसे. तिला 'साडेसात' म्हणत. "साडेसात लागली का?" "कालची साडेसात बघितली का?" पण हे विचारायच्या बायका. पुरुषांची गोष्ट वेगळी. आमच्या गावात एकही पुरुष मालिका बघत नव्हता. पुरुष सोसायटीत बातम्या बघायला यायचे. बातम्या संपून मालिका सुरू झाली की एकजण म्हणायचा, "लावा आता दुसरीकडं." दुसरा म्हणायचा, "आसू द्या, बाहीर बायका बघत्यात." बायका बाहेर ओट्यावर बसून खिडकीतून बघायच्या. त्यांच्यासाठी म्हणून आत बसलेले गडी पापणी न हलवता अर्धा तास त्याग करायचे.

आबांना असला त्याग जमत नव्हता. "मला आवडती," ते उघड सांगायचे. "मी काय कुणाची चोरी केली का बे?" सात वाजले की ते हातपाय धुऊन, स्वच्छ टोपी घालून खुर्चीत बसायचे. मालिकेतल्या सुनेचं नाव मृणालिनी. आबा तिला 'आपली पोरगी' म्हणायचे आणि सासूला जे म्हणायचे ते मला लिहिता येणार नाही. ह्या बायका पगार घेऊन रडतात, संध्याकाळी दोघी एकत्र चहा पीत असतील, असं मी एकदा बोलून बसलो. आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची बायको गयाकाकू कधीही टीव्हीपुढे फिरकली नाही. "सख्खी सून पुण्याला हाय," ती मला एकदा म्हणाली. "ती जेवली का उपाशी हाय, ह्यांना ठावं न्हाई. अन् ह्या सटवीला शिंक आली की म्हातारा रातभर कड बदलतोय." म्हणताना ती हसत होती, पण फार नाही.

आबा गावातली भांडणंही मिटवायचे. कायदा त्यांना कळत नव्हता, पण मालिका पाठ होती. लिंबाजी आणि उद्धव या भावांचा बांधावरून वाद होता. दोघं हातात कुऱ्हाडी घेण्यापर्यंत गेले, तेव्हा आबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "त्या घरात बघा. थोरल्यानं हिस्सा सोडला का न्हाई? काय कमी झालं त्याचं? समदं घर त्याच्या पाया पडतंय." लिंबाजी थोरला. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं घर आपल्या पाया पडतंय असं चित्र उभं राहिलं असावं. त्यानं बांध सोडला. गावानं आबांची वाहवा केली. पुढं उन्हाळ्यात मालिकेतल्या थोरल्यानं खरं रूप दाखवलं. हिस्सा सोडणं हा त्याचा डाव होता, म्हाताऱ्याची सगळी इस्टेट लाटण्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळीच उद्धव आबांच्या दारात हजर. "आबा, लिंबाजीचा बी कायतरी डाव हाय. उगा कोण बांध सोडतंय?" मिटलेलं भांडण पुन्हा सुरू झालं. आबांनी दोघांना पुढच्या भागापर्यंत थांबायला सांगितलं.

हे सगळं मी बीडला मित्रांना रंगवून सांगायचो आणि ते खदाखदा हसायचे. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, कारण ती सांगताना मला हसता येत नसे.

दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रॅक्टर भरून भांडीकुंडी, आणि गावात पाठीमागं म्हातारी माणसं. बायकांना जाताना घराची काळजी, शेळीची काळजी, आणि तिसरी काळजी साडेसातची. आबांनी त्यावर उपाय काढला. मालिका संपली की ते एका टोळीला फोन लावायचे. तिकडे फडावर पाचटाच्या कोपींसमोर फोन मोठ्यानं लावून बायका भोवती बसायच्या आणि आबा इकडून त्या दिवसाचा भाग सांगायचे. सासूचं बोलणं सासूच्या आवाजात, सुनेचं सुनेच्या. मी मागच्या खोलीत वह्या तपासता तपासता ऐकायचो. मूळ मालिकेपेक्षा आबांची चांगली होती.

त्या हिवाळ्यात मालिकेतला सासरा वारला. सुनेची बाजू घेणारा तेवढा एकच. दुसऱ्या दिवशी आबांनी सोसायटीच्या दारावर खडूनं लिहिलं, 'दुःखद घटनेमुळे दूध संकलन बंद.' शेजारच्या गावाहून दोघंजण मातीला म्हणून येऊन गेले. आणि एवढं करूनही त्या संध्याकाळी मी आबांना फोनवर सांगताना ऐकलं, "मामंजी म्हणले, पोरी, मी हाय, तू भिऊ नकोस."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आबा, ते तर गेले."

"हितं गेले," आबा म्हणाले. "तिकडं बाया पहाटं उठून गारठ्यात मोळ्या उचलत्यात. त्यांना कावून सांगू?"

पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, त्यांनी म्हाताऱ्याला फोनवर जिवंत ठेवलं. त्याच्या तोंडी रोज चार नवी वाक्यं घालत गेले. टोळ्या परत आल्यावर बायका खिडकीत बसल्या आणि बघतात तर भिंतीवर त्या सासऱ्याचा फोटो आणि फोटोला हार. त्या दिवशी बायकांनी आबांना मनसोक्त शिव्या दिल्या. मला आबा आवडायला लागले ते त्या दिवसापासून.

आता सभेचं सांगतो. सहकारी संस्थेची सभा म्हणजे कोरम लागतो, आणि दूध बंद झाल्यावर सभेला कुत्रं फिरकत नव्हतं. सभाच झाल्या नाहीत तर सोसायटी मोडीत निघणार. आबांनी सभा साडेसातला ठेवली. कोरम दारापर्यंत भरला. मालिका चालू असताना सभा तहकूब आणि जाहिरात लागली की सभा सुरू. सेक्रेटरी महादेव आवाज बंद करायचा आणि भराभर वाचायचा. मागील सभेचं वृत्त, मंजूर. हिशेब तपासनीस नेमणे, मंजूर. ज्या सभेत पूर्वी खुर्च्या फेकल्या जायच्या ती सभा चार जाहिरातींत आटोपायला लागली. भांडायला सवडच नव्हती. बोलायला कुणी उभा राहिला तर मागून ओरडा व्हायचा, "बस बे, सुरू झालं!" आबा या युक्तीवर फार खूश होते. "सहकारात हे कुणी केलं न्हाई गुरुजी," ते म्हणायचे. खरंच कुणी केलं नसेल.

सोसायटीच्या आवारात एक बोअर होता, त्यावर हातपंप. दुधाच्या पैशातून गावानंच तो घेतला होता, कॅन धुवायला. त्या वर्षी गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, पण हा बोअर आटला नाही. टँकर चुकला की गाव त्याच्यावर जगायचं. आबांनी त्यावर मोटार बसू दिली नव्हती. पहाटे स्वतः पंपापाशी खुर्ची टाकून बसायचे, ज्या घरात तान्हं मूल त्या घराचा हंडा आधी, आणि चेअरमनच्या घरचा शेवटी. गयाकाकूचं यावरचं मतही मला लिहिता येणार नाही.

त्या आवारावर तालुक्याच्या दादांचा डोळा होता. रस्त्याकडेची जागा आणि दुष्काळात पाणी असलेला बोअर, दोन्ही एकाच कुंपणात. दादांचा स्वतःचा दूध संघ होता. सोसायटी संघात विलीन करा, चिलिंग प्लँट टाकतो, असा निरोप घेऊन त्यांची माणसं तीनदा आली. आबांनी तीनदा चहा पाजून परत पाठवलं. "प्लँट टाका की," ते म्हणाले, "दूध कोणाचं थंड करणार? माजं?" चौथ्यांदा कुणी आलं नाही. दरम्यान सेक्रेटरी महादेवचा मेव्हणा दादांच्या संघात नोकरीला लागला, आणि महादेवनं विशेष सभा लावायची टूम काढली. नेमकी साडेसातच्या महाभागाच्या दिवशी.

त्या दिवशी मालिकेत मृणालिनीपुढे सासूनं कागद ठेवला होता. घरावरचा हक्क सोडते म्हणून तिनं सही करायची. पेन तिच्या हातात दिलं आणि जाहिरात लागली. महादेव उभा राहिला. विलीनीकरण, जागेसह, बोअरसह, सगळं त्यानं वाचलं. कबूल करतो, एक शब्द गाळला नाही. मी मागं बसलो होतो आणि मलाही नुसता आवाज ऐकू येत होता. आबा पडद्यावरच्या साबणाकडे बघत पुटपुटत होते, "करू नको पोरी, सही करू नको."

"मंजूर आहे का?" महादेवनं विचारलं.

"मंजूर, मंजूर," आबा म्हणाले. "आवाज वाढव बे!"

सगळ्यांचे हात वर झाले. महादेवनं रजिस्टर पुढे सरकवलं आणि आबांनी पडद्यावरची नजर न हलवता अध्यक्ष म्हणून सही केली. मृणालिनीनं केली नाही. तिनं कागद टराटरा फाडला, तेव्हा आत-बाहेर टाळ्या पडल्या आणि लिंबाजीनं तर उपरण्यात तोंड लपवलं.

काही दिवसांनी संघाची माणसं तारेचं कुंपण घेऊन आली. त्यांनी हातपंपाचा दांडा काढला, सोसायटीला कुलूप लावलं, बायका हंडे घेऊन उभ्या होत्या त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. आबा अनवाणी धावत आले. त्यांना ठरावाची नक्कल दाखवली. आबांनी खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"सही माजीच हाय," ते म्हणाले. "पण मी हितं नव्हतो बे. मी तिच्या दारात हुबा होतो."

संघाची माणसं हसली. गावातलं कुणी हसलं नाही.

आबांनी तक्रार केली. सहकार खात्यातले साहेब सज्जन होते. ते म्हणाले, त्या वेळी टीव्हीवर मालिका चालू होती, ठराव आम्ही ऐकला नाही, असं हजर सभासदांनी माझ्यासमोर सांगितलं तर ठराव रद्द करतो. एवढंच. ताठ मानेनं उभं राहायचं आणि खरं बोलायचं.

ओट्यावरच्या बायका तयार होत्या. हवं तर सगळा भाग संवादासकट म्हणून दाखवतो म्हणाल्या. पण म्हैस बाईनं सांभाळायची, शेण बाईनं काढायचं, धार बाईनं काढायची आणि सभासद पुरुषानं व्हायचं, अशी आमच्याकडची रीत. मी तर गावचाही नव्हतो. आबा घरोघर फिरले. "आबा, काळजी करू नका, सांगतो की," असं प्रत्येकानं सांगितलं. लिंबाजीनं तर छातीवर हात ठेवून सांगितलं. वकील बघायला म्हणून आबा आदल्या दिवशीच बीडला भाचीकडे जाऊन राहिले. बाकीचे सकाळच्या एसटीनं आले. शनिवारची सकाळची शाळा करून मीही मागून पोचलो.

साहेबांच्या खोलीत एका बाजूला दादा बसले होते, पांढरेशुभ्र, पायावर पाय टाकून. साहेबांनी आधी लिंबाजीला बोलावलं.

"सभेच्या वेळी टीव्ही चालू होता?"

"व्हता."

"काय चालू होतं?"

लिंबाजीनं तोंड उघडलं. तेवढ्यात दादा गोड हसून म्हणाले, "सांगा ना लिंबाजीराव. गडी माणसं काय बघत होती? सासू-सुना?"

दादांबरोबरची दोन माणसं फिसकन हसली. लिंबाजीचे कान लाल झाले. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या मिशा ताठ झाल्या.

"बातम्या," तो म्हणाला.

"मग ठराव ऐकला?"

"ऐकला की. सभेलाच तर गेलतो."

आबा ताडकन उठले. "लिंबाजी, तिनं कागद फाडला तवा तुज्या डोळ्याला पाणी कावून आलतं बे?"

"धूळ गेलती," लिंबाजी म्हणाला.

मग एकामागून एक सगळे आले. बातम्या. बाजारभाव. हवामान. एकजण म्हणाला, आमच्या घरात तसलं चालत न्हाई. पाण्यापेक्षा मिशी मोठी असते हे मी त्या खोलीत पाहिलं. शेवटी साहेबांनी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "मी मालिका बघत होतो. समदे बघत होते. मी रोज बघतो." दादांची माणसं पुन्हा हसली आणि या वेळी आमचे लोकही हसले. साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि ठराव कायम म्हणून लिहून टाकलं.

परतीच्या एसटीत गावातले सगळे पुढच्या बाकांवर बसले. आबा मागे एकटे, मांडीवर पिशवी. मी त्यांच्या पलीकडच्या बाकावर होतो. बीड सुटलं तरी पुढे कुणी तंबाखूसुद्धा मळली नाही. धरणापाशी रस्त्याच्या कडेनं आमच्याच गावच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. बस बघून त्या थांबल्या, निकाल कळेल म्हणून. ड्रायव्हर थांबला नाही आणि पुढच्या बाकांवरून कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही.

पालीच्या पुढं लिंबाजी उठला. दांड्याला धरत धरत मागे आला आणि आबांच्या बाकापाशी उभा राहिला. माफी मागतोय, मला वाटलं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "सोसायटीला कुलूप लागल्यापून काय कळलंच न्हाई. काल तुमी भाचीकडं बघितली आसंल. कुलपाच्या आदी तिच्यावर चोरीचा आळ घेतलता, त्याचं काय झालं?"

माझे हात शिवशिवले. आता आबा याच्या कानाखाली वाजवणार आणि मी त्यांना आवरणार नाही, असं मी ठरवलं. पुढच्या बाकांवरच्या सगळ्या माना कलत्या झाल्या होत्या.

आबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"समद्यांपुढं हुबी केली तिला," ते म्हणाले. "तिनं घेतलं न्हाई हे घरातल्या एकूणएक माणसाला ठावं होतं. एक बी बोललं न्हाई."

"एक बी न्हाई?"

"न्हाई."

लिंबाजीनं चक् चक् केलं. "कसली माणसं म्हणायची ही!" तो कळवळून म्हणाला, आणि पुढून दोघा-तिघांनी त्या घरातल्या माणसांना सणसणीत शिव्या हासडल्या.

पुढं रस्ता खराब होता आणि लिंबाजी उभा होता. आबांनी पिशवी उचलून घेतली आणि सरकून त्याला बसायला जागा करून दिली.